कापडाच्या छताला बळ कुठून येतं?

एक मोठी चादर घ्या आणि चौघांनी तिची चार टोकं एकाच उंचीवर धरून ओढा. कितीही जोर लावला तरी मधोमध बोटाने दाबलं की ती खाली जाते आणि खालून वारा आला की वर फुगते. आता समोरासमोरच्या दोघांनी आपली टोकं डोक्यापर्यंत वर न्यायची आणि उरलेल्या दोघांनी गुडघ्यापर्यंत खाली. चादर तीच, ओढही तेवढीच. पण आता बोटाखाली ती ताठ लागते. वरून दाबा, खालून ढकला, ती दोन्हीकडे विरोध करते.

विमानतळ, स्टेडियम, प्रदर्शनाची दालनं किंवा वाहनतळ यांच्यावर दिसणारी शिडासारखी पांढरी छतं याच तत्त्वावर उभी असतात. कापडाला स्वतःचा ताठपणा नसतो. त्याला दाब सोसत नाही, वाकवण्याला ते विरोध करत नाही. त्याला फक्त ओढ कळते. म्हणून कापडाच्या इमारतीत आकार हा शोभेचा भाग नसतो. तोच सांगाडा असतो. आकार चुकला तर जाड कापड, मोठी केबल आणि महाग बोल्ट यांनी ती चूक भरून निघत नाही.

ही कल्पना जुनीच आहे. वाळवंटातल्या भटक्या जमातींचे बकरीच्या केसांचे काळे तंबू तणावे (ओढून बांधलेले दोर) आणि मेखांच्या जोरावर शतकानुशतकं वाऱ्यात टिकले. रोमच्या कलोसियमवर प्रेक्षकांसाठी कापडी सावली ओढली जायची आणि ते काम खलाशांकडे असायचं, कारण शीड, दोर आणि वारा यांचं गणित त्यांना ठाऊक होतं. आधुनिक काळात या विद्येला शास्त्राचं रूप दिलं ते जर्मन वास्तुविशारद फ्राय ओटो यांनी. १९५५ साली कासेलच्या उद्यान-प्रदर्शनात त्यांनी वादकांसाठी एक लहान छत उभारलं. दोन टोकं वर, दोन खाली, साधं जाड सुती कापड. वर सांगितलेली चादरच ती. त्यानंतर उभारलेल्या कितीतरी छतांचं मूळ त्या चार टोकांत आहे.

ताण, वळण आणि एक छोटं गणित

कपडे वाळत घालायची दोरी आठवा. ती पूर्ण सरळ, अगदी रेघेसारखी ओढून तिच्यावर ओला टॉवेल टाकला की तिला थोडा तरी झोळ पडतोच. झोळ जितका कमी ठेवायचा, तितकी खिळ्यांवरची ओढ वाढते. पूर्ण सरळ ठेवायची म्हटली तर ओढ अमर्याद लागेल. उलट दोरीला मुळातच थोडा झोळ दिला, तर तोच टॉवेल ती कमी ओढीत पेलते.

कापडाचंही असंच आहे. सूत्र एवढंच: कापडातला ताण = दाब × वळणाची त्रिज्या. वळण खोल असेल तर त्रिज्या लहान आणि ताण कमी. वळण उथळ असेल तर त्रिज्या मोठी आणि ताण जास्त. सपाट कापडाची त्रिज्या अनंत, म्हणून सपाट कापड कधीच चालत नाही.

पण एकाच दिशेचं वळण पुरत नाही. कपडे वाळत घालायच्या दोरीसारखं फक्त खाली वळलेलं कापड बर्फाचा भार घेईल, पण वारा खालून आला की उलटं होईल. म्हणून छताला घोड्याच्या खोगिरासारखं दुहेरी वळण देतात: एका दिशेने ते खाली झुकतं, तिला काटकोनात असलेल्या दिशेने ते वर कमानतं. वरच्या दोन टोकांमधले धागे खालच्या दिशेचा भार घेतात, खालच्या दोन टोकांमधले धागे वाऱ्याची उचल घेतात. दोन्ही संच एकमेकांना सतत ओढून धरतात. वारा नसतानाही असलेल्या या ओढीला पूर्वताण म्हणतात. पॉलिएस्टरच्या कापडात तो मीटरमागे साधारण १ ते ३ किलोन्यूटन ठेवतात. १ किलोन्यूटन म्हणजे ढोबळपणे १०० किलो वजन. तेव्हा २ किलोन्यूटन पूर्वताण म्हणजे कापडाच्या प्रत्येक मीटर रुंदीला सतत दोनशे किलोचा ओढा.

आता १० मीटर बाय १० मीटरचं चार टोकांचं छत घेऊ. कर्ण सुमारे १४.१ मीटर. उंच आणि बुटक्या टोकांत ३ मीटरचा फरक ठेवला, तर मध्यबिंदू बुटक्या टोकांपेक्षा दीड मीटर वर येतो. त्या कमानीची त्रिज्या निघते सुमारे १७.४ मीटर. वाऱ्याची उचल चौरस मीटरला ०.७ किलोन्यूटन धरली, तर कापडात मीटरमागे सुमारे १२ किलोन्यूटन ताण येईल.

समजा कोणी म्हणालं की एवढी उंची बरी दिसत नाही, फरक १ मीटरच ठेवा. मग मध्यबिंदू फक्त अर्धा मीटर वर, त्रिज्या ५० मीटरच्या घरात आणि ताण मीटरमागे ३५ किलोन्यूटन. म्हणजे जवळपास तिप्पट. कापडही तेच, वाराही तोच. प्रत्यक्षात कापड थोडं ताणलं जाऊन वळण वाढतं, म्हणून खरा आकडा काहीसा कमी येतो आणि अंतिम हिशेब संगणकावरच करावा लागतो. पण कागदावरच्या या चार ओळींत आराखडा चुकतोय हे कळून येतं. उंची कापण्याचा आग्रह हा या क्षेत्रातला सगळ्यात महाग पडणारा आग्रह आहे.

कडा आत का वळलेल्या असतात

अशा छताच्या कडा सरळ नसतात, आत वळलेल्या असतात. ते सौंदर्यासाठी नाही. कडेला कापडाचा खिसा शिवून किंवा वेल्ड करून (उष्णतेने चिकटवून) त्यातून पोलादी केबल नेतात आणि त्या केबललाही तेच सूत्र लागू पडतं. १० मीटरच्या कडेला १ मीटर झोळ दिला तर त्रिज्या १३ मीटर. कापडात २ किलोन्यूटन पूर्वताण असेल तर केबलमध्ये २६ किलोन्यूटन ओढ येते. झोळ अर्धा मीटर केला तर त्रिज्या २५ मीटर आणि ओढ ५० किलोन्यूटन. म्हणून कडेच्या लांबीच्या १० ते १५ टक्के झोळ ठेवायचा प्रघात आहे.

याचा एक परिणाम आधीच लक्षात घ्यायला हवा. १०० चौरस मीटरच्या चौकोनात चारही कडा १ मीटर आत वळवल्या की सुमारे २७ चौरस मीटर कापड कमी होतं. उरतं ७३. सावली किंवा आडोसा नेमका किती हवा हे ठरवताना हा हिशेब राहून जातो आणि मग छत उभं राहिल्यावर कडेच्या खुर्च्या उन्हात येतात.

दोन केबल कोपऱ्यात जिथे भेटतात तिथे पोलादी कोपरा-प्लेट असते. वरच्या उदाहरणात २६ किलोन्यूटनच्या दोन केबलींची मिळून कोपऱ्यावर सुमारे ४८ किलोन्यूटन, म्हणजे जवळजवळ पाच टनांची ओढ येते. तीही वाऱ्याची झुळूक नसताना. ही ओढ ४ मीटर उंचीच्या एकट्या खांबाने घ्यायची तर त्याच्या पायाशी उलटवणारा जोर प्रचंड होतो. म्हणूनच खांब बाहेरच्या बाजूला झुकवतात आणि मागून दोन तणावे देतात. मग खांब वाकत नाही, फक्त दाबला जातो आणि बारीक नळीही पुरते. जागा नसेल आणि तणावे नको असतील, तर खांब आणि पाया दोन्ही कितीतरी जड करावे लागतात.

पायाचं काम इथे उलटं असतं. नेहमीच्या इमारतीत पाया वजन तोलतो, इथे त्याने छताला धरून ठेवायचं असतं. ७३ चौरस मीटर कापडाचं वजन पासष्ट-सत्तर किलो, पण वर सांगितलेल्या वाऱ्याची उचल त्यावर सुमारे ५१ किलोन्यूटन, म्हणजे पाच टन. काँक्रीटचं वजन घनमीटरला सुमारे २४ किलोन्यूटन असतं, त्यावरून तणाव्याच्या पायाला किती काँक्रीट लागेल याचा अंदाज येतो. छत हलकं म्हणून पाया हलका, ही समजूत धोक्याची आहे.

कापड म्हणजे नेमकं काय

सगळ्यात जास्त वापरलं जातं ते पॉलिएस्टरच्या विणीवर दोन्ही बाजूंनी पीव्हीसीचा लेप दिलेलं कापड. ताकद धाग्याची. पाणी अडवणं, अतिनील किरण रोखणं आणि वेल्डिंग होऊ देणं हे लेपाचं काम. वर आणखी एक पातळ थर असतो, ॲक्रिलिकचा किंवा पीव्हीडीएफ या प्लॅस्टिकचा, ज्यामुळे धूळ कमी चिकटते. पीव्हीडीएफचा थर जास्त टिकतो, पण त्याच्या काही प्रकारांवर थेट वेल्डिंग होत नाही. जोडाच्या पट्टीवरून तो आधी घासून काढावा लागतो. कमी घासला तर जोड धरत नाही, जास्त घासला तर धागा उघडा पडतो.

युरोपात या कापडाचे टाइप १ ते टाइप ५ असे वर्ग करतात. टाइप १ चं वजन चौरस मीटरला सुमारे ७५० ग्रॅम आणि ५ सेंटिमीटर रुंदीची पट्टी तुटायला लागणारा जोर सुमारे ३००० न्यूटन. टाइप २ साठी हे आकडे ९०० ग्रॅम आणि ४४०० न्यूटन. म्हणजे टाइप २ मीटरमागे ८८ किलोन्यूटनला तुटतं. पण हिशेबात सगळी ताकद धरत नाहीत. वाऱ्यासारख्या थोड्या वेळच्या भाराला साधारण पाचवा हिस्सा, म्हणजे १७ ते १८ किलोन्यूटन एवढाच वापरतात. एवढा राखीव भाग कशासाठी? कापड वर्षागणिक कमजोर होतं, उन्हात तापलं की वेल्ड नरम पडतो आणि मुख्य म्हणजे एकदा चीर पडली की ती तुटण्याच्या ताकदीपेक्षा खूपच कमी ताणात पुढे धावते. आता मागच्या उदाहरणातले १२ आणि ३५ हे आकडे आठवा. पहिला आराखडा टाइप २ मध्ये आरामात बसतो. दुसऱ्याला या हिशेबाने टाइप ४ ही पुरत नाही.

दुसरं महत्त्वाचं कापड काचतंतूंचं, पीटीएफईचा (टेफ्लॉनचा) लेप दिलेलं. काचतंतू जळत नाहीत आणि पीटीएफई ३२७ अंश सेल्सिअसपर्यंत वितळत नाही. धूळ पावसात धुऊन जाते. पॉलिएस्टर-पीव्हीसीचं आयुष्य १५ ते २० वर्षं धरतात, तर हे २५-३० वर्षं आणि त्याहूनही जास्त टिकतं. कॅलिफोर्नियातल्या ला व्हर्न इथल्या कॉलेजवर १९७३ साली ते कायमच्या इमारतीसाठी पहिल्यांदा वापरलं गेलं. १९८१ साली जेद्दा विमानतळाच्या हज टर्मिनलवर त्याची ४५ मीटर बाजूची २१० छत्र्यांसारखी छतं उभी राहिली. भिंती नाहीत, वातानुकूलन नाही. पांढरं कापड बहुतेक ऊन परत फेकतं, छताच्या उंच टोकातून तापलेली हवा निघून जाते आणि खाली हजारो माणसं सावलीत थांबू शकतात.

या कापडाची नाजूक बाजू एकच: ते घडी सहन करत नाही. काचतंतू ओढीला बळकट, पण तीक्ष्ण मोडीत तुटणारा. कारखान्यात कोणी निष्काळजीपणे घडी घातली, किंवा पसरलेल्या कापडावर सुरकुती असताना पाय दिला, तर त्या रेषेवरची ताकद तिथेच कमी होते आणि ती डोळ्यांना दिसतही नाही. म्हणून ते नळीवर गुंडाळून किंवा घडीच्या आत फोमची गुंडाळी ठेवूनच हलवतात.

फक्त सावली हवी असेल तर विणलेली एचडीपीई या प्लॅस्टिकची जाळी स्वस्त आणि चांगली. तिच्यातून वारा काही प्रमाणात आरपार जातो. पाऊस मात्र अडत नाही, हे आधीच स्पष्ट झालेलं बरं.

आकार शोधणं आणि कापड बेतणं

अशा छताचा आकार मनाला येईल तसा काढता येत नाही, तो शोधावा लागतो. फ्राय ओटो तारेची चौकट साबणाच्या पाण्यात बुडवून बाहेर काढत. तारेवर जो पडदा तयार होतो त्यात सगळीकडे, सगळ्या दिशांना सारखा ताण असतो आणि त्या चौकटीत बसणारा तो कमीत कमी क्षेत्रफळाचा आकार असतो. त्याचे फोटो काढून, मोजून आराखडे व्हायचे. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकसाठी केबलींच्या जाळ्याचं अवाढव्य छत ठरलं, तेव्हा हा हिशेब संगणकावर करण्याची गरज पडली आणि त्यातून आलेल्या पद्धती आजही सॉफ्टवेअरच्या पोटात आहेत.

साबणाचा पडदा मर्यादाही दाखवतो. उंच खांबावर टोक असलेल्या शंकूच्या छतात वरची कडी फार लहान ठेवली तर पडदा बारीक होत होत फुटतो. कापड फुटणार नाही, पण निसर्ग तिथे बजावतोय की सगळा भार एका छोट्या परिघावर गोळा होतोय. कडीची त्रिज्या दुप्पट केली की तिथला ताण निम्मा होतो. म्हणून शंकूच्या टोकाला मोठी पोलादी कडी असते आणि त्याखाली कापडाचा दुसरा, कधी तिसरा थर जोडतात.

आकार मिळाला की खरं शिंपीकाम सुरू होतं. कापड रोलमध्ये सपाट येतं, पीव्हीसीचा रोल बहुधा अडीच ते तीन मीटर रुंद. खोगिराचा पृष्ठभाग सपाट उलगडता येत नाही, म्हणून त्याच्या लांब पट्ट्या पाडून प्रत्येक पट्टी वेगळी बेततात. अंगरख्यात खांद्याशी जसं कापड कमी-जास्त घ्यावं लागतं तसंच इथे. पट्टी जितकी रुंद, तितकी सपाट कापडाची ओढाताण जास्त आणि जोडाजवळ चुण्या पडण्याची शक्यताही जास्त. जिथे वळण खोल, तिथे पट्ट्या अरुंद घ्याव्या लागतात.

धाग्याची दिशा पाळणं फार महत्त्वाचं. उभे धागे म्हणजे ताणा आणि आडवे म्हणजे बाणा हे मुख्य ताणाच्या दिशांना धरून यायला हवेत. कापड उरेब, म्हणजे धाग्यांना तिरकं, लागलं तर काय होतं ते शिवणकाम करणाऱ्यांना सांगायला नको: ते लांबतं, तिरकं सरकतं. छतातही तेच होतं आणि मोठ्या उरेब पट्ट्याला पूर्वताण टिकवता येत नाही.

यानंतरची पायरी बाहेरच्यांना अजिबात माहीत नसते. छताला पूर्वताण दिला की कापड लांबणार, म्हणून पट्टी मुळातच आखूड कापायची. १० मीटरच्या पट्टीला १ टक्का भरपाई असेल तर ती ९.९० मीटरच कापायची. किती टक्के, हे अंदाजाने ठरवता येत नाही. त्या रोलचा नमुना अधिक चिन्हाच्या आकारात कापून दोन्ही दिशांना एकाच वेळी ओढून पाहतात. विणताना आणि लेप देताना ताणा ताठ धरलेला असतो आणि बाणा त्याच्या वर-खाली नागमोडी जातो. म्हणून ओढल्यावर ताणा थोडा लांबतो आणि बाणा आधी सरळ होऊन मग लांबतो, म्हणजे जास्त. लेप देताना दोन्ही दिशांना ताणून धरलेल्या कापडांत हा फरक कमी असतो. एका रोलची टक्केवारी दुसऱ्याला वापरली तर छत एका बाजूने सैल येतं आणि ते जागेवर दुरुस्त करता येत नाही. आणखी एक बारकावा: जिथे पट्टी पोलादी चौकटीला क्लॅम्पने जखडते, तिथे भरपाई हळूहळू शून्यावर आणावी लागते. नाहीतर चौकटीवरची भोकं आणि कापडावरची भोकं जुळत नाहीत.

पीव्हीसीचे जोड हाय-फ्रिक्वेन्सी वेल्डिंगने करतात, ४० ते ८० मिलिमीटर एकमेकांवर चढवून. पीटीएफईचे जोड मात्र मध्ये पातळ फिल्म घालून गरम पट्टीने दाबावे लागतात. वरच्या पट्टीची कड खालच्या पट्टीवर यायला हवी, कौलांसारखी, म्हणजे पाणी जोडात शिरत नाही. दिवसा प्रकाश आरपार येत असल्याने जोड आतून गडद रेघांसारखे दिसतात. त्या रेघा कशा पडाव्यात याचा विचार पट्ट्या पाडतानाच व्हायला हवा.

उभारणी

खांब, तणावे आणि अँकर (जमिनीत जखडलेले आधार) आधी उभे करून प्रत्येक बिंदूची जागा मोजतात. अँकर ३० मिलिमीटर जरी चुकला तरी तो आकडा बेतणाऱ्याला कापण्यापूर्वीच कळलेला बरा. मग जमिनीवर ताडपत्री अंथरून त्यावर कापड उलगडतात, केबल ओवतात, कोपरा-प्लेट लावतात आणि सगळं एकदम उचलतात.

यातली सर्वांत धोक्याची वेळ म्हणजे कापड वर गेलंय, पण ताण अजून बसलेला नाही. तेव्हा त्याला काहीच आकार नसतो आणि साध्या वाऱ्यातही ते चाबकासारखं फटके मारतं. म्हणून शांत हवेचा दिवस निवडतात आणि अर्धवट ताणलेलं कापड रात्रभर तसंच सोडत नाहीत. ताण देताना एक कोपरा पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे जायचं नाही. सगळे कोपरे आळीपाळीने, थोडे थोडे आवळत न्यायचे. शेवटी केबलमधली ओढ मापकाने मोजतात. हाताने थोपटून आवाजावरून ताण ओळखण्यावर विसंबू नये.

सुरकुत्या वाचता आल्या की अर्धं निदान होतं. सुरकुती नेहमी ताणाच्या दिशेने पडते. म्हणजे एका कोपऱ्यातून दुसऱ्याकडे लांब सुरकुत्या दिसल्या, तर त्या दिशेला ओढ भरपूर आहे आणि तिच्या काटकोनात कमी आहे. अशा वेळी त्याच कोपऱ्याचा टर्नबकल (ताण कमी-जास्त करायचा स्क्रू) आणखी आवळणं म्हणजे बिघाड वाढवणं. आवळायला हवेत ते दुसरे दोन कोपरे.

पाणी साचणं

कापडाची छतं वाऱ्यापेक्षा पाण्याने जास्त वेळा खराब होतात, म्हणून इथे थोडं थांबू. उतार कमी असलेल्या जागी पावसाचं थोडं पाणी थबकतं. त्याच्या वजनाने कापड किंचित खाली जातं. खळगा झाला म्हणून आणखी पाणी येतं आणि वजन आणखी वाढतं. पाऊस थांबेपर्यंत हे चक्र थांबत नाही. ३ मीटर व्यासाचा आणि मधोमध २० सेंटिमीटर खोल असा खळगा झाला, तर त्यात सुमारे ७०० किलो पाणी मावतं. तेवढ्या भागाच्या कापडाचं वजन सहा-सात किलो. पाणी काढल्यावरही ताणलेलं कापड पूर्ववत होत नाही, पुढच्या पावसात पाणी तिथेच साचतं.

हे कुठे घडतं? दोन बुटक्या टोकांमधल्या कडेजवळ, शंकूच्या छताच्या तळाशी जिथे उतार मावळतो तिथे, आणि दूर दूर ठेवलेल्या कमानींच्या मधल्या सपाट पट्ट्यात. जास्त आवळून हे सुटत नाही, तिथे उतारच हवा. म्हणून आराखड्यावर पाऊस आणि बर्फाने कापड खाली गेल्यानंतरचा आकार काढून, त्या खाली गेलेल्या आकारातही पाणी वाहून जातंय ना, हे पाहतात. कोरड्या आकाराचा उतार पाहून समाधान मानलेले कितीतरी आराखडे इथेच फसले आहेत.

हवेवर तोललेली छतं

ताण केबलनेच द्यायला हवा असं नाही. आत हवेचा दाब थोडा वाढवला की कापड फुग्यासारखं ताणलं जातं. मोठी स्टेडियम अशी झाकली गेली. पण दाब असतो २५०-३०० पास्कल, म्हणजे चौरस मीटरला साधारण २५ ते ३० किलो. बर्फ त्याहून जड झाला की फुगा तिथे खाली बसतो आणि साचण्याचं तेच चक्र सुरू होतं. १२ डिसेंबर २०१० च्या पहाटे मिनियापोलिसच्या मेट्रोडोमचं छत याच कारणाने फाटून खाली आलं. स्टेडियम रिकामं होतं म्हणून कोणाला इजा झाली नाही. त्या तुलनेत केबलवर ताणलेलं छत फाटलं तरी सगळं कोसळत नाही. लंडनच्या मिलेनियम डोमचे काही कापडी पट्टे फेब्रुवारी २०२२ च्या वादळात फाटले, पण त्याचे १२ खांब आणि केबली जागेवर राहिल्या.

हवेचाच दुसरा उपयोग म्हणजे ईटीएफईच्या उशा. हे कापड नव्हे, विण नसलेली पारदर्शक फिल्म आहे. दोन-तीन थरांच्या उशीत हवा भरून ती ॲल्युमिनियमच्या चौकटीत बसवतात. इंग्लंडमधला ईडन प्रोजेक्ट, म्युनिकचं अलियान्झ अरेना आणि २००८ च्या ऑलिंपिकसाठी बांधलेला बीजिंगचा जलतरण तलाव अशा उशांचे आहेत. काचेच्या मानाने वजन नगण्य, पण पंखे कायम चालू राहायला हवेत.

आत बसणाऱ्याचं काय

एकेरी कापड उष्णता रोखत नाही. त्या बाबतीत ते एकेरी काचेच्या तावदानाइतकंच आहे. बंद इमारतीवर ते लावलं आणि बाहेर थंडी असली, तर आतली वाफ कापडाच्या खालच्या बाजूला थेंब होऊन टपकते. छत गळतंय अशी तक्रार येते आणि गळती मात्र सापडत नाही. यावर उपाय म्हणजे आत दुसरा थर आणि दोघांमध्ये हवेची पोकळी. डेन्व्हर विमानतळाचं १९९५ साली खुलं झालेलं छत असंच दुहेरी आहे.

आवाजाचीही अडचण आहे. वजन नसल्यामुळे बाहेरचा गोंगाट, विशेषतः विमानांचा आणि गाड्यांचा खर्जातला, सहज आत येतो आणि पाऊस ताशासारखा वाजतो. आत सूक्ष्म छिद्रांचं कापड लावलं तर प्रतिध्वनी कमी होतो, बाहेरचा आवाज मात्र फारसा थांबत नाही. शांतता हवी असलेल्या सभागृहाला नुसतं कापडी छत सुचवू नये. याउलट प्रकाश ही मोठी जमेची बाजू. कापडाच्या जातीप्रमाणे ५ ते २० टक्के प्रकाश आत येतो, मऊ आणि सावल्या न पाडणारा. दिवसा दिवे लावावे लागत नाहीत.

कापड बांधकामात छताशिवायही येतं. काँक्रीटला लाकडी किंवा पोलादी साच्याऐवजी कापडाचा साचा दिला तर काँक्रीट स्वतःच्या वजनाने ताणलेल्या कापडाचा आकार घेतं. २०१८ साली झुरिचच्या ईटीएच विद्यापीठाच्या संशोधकांनी मेक्सिको सिटीत सुमारे पाच टनांचं काँक्रीटचं कवच अशाच विणलेल्या साच्यावर उभारलं. यंत्रावर ३६ तासांत विणलेला तो साचा फक्त २५ किलोचा होता आणि प्रवासी बॅगांमधून नेला होता. तिथेही तत्त्व तेच: कापड ताणून दुहेरी वळण द्यायचं.

देखभाल

पॉलिएस्टर सततच्या ओढीखाली हळूहळू लांबतं. पूर्वताण पहिल्या काही महिन्यांतच उतरतो, म्हणून टर्नबकलमध्ये किंवा खांबाच्या पायाशी आवळायला जागा शिल्लक ठेवावी लागते. उभारणीच्या दिवशीच बोल्ट शेवटच्या आट्यापर्यंत गेलेला दिसला, तर ते छत पुढे कधीच नीट ताणता येणार नाही. काचतंतू जवळजवळ लांबत नाही, त्यामुळे त्याच्या बाबतीत सुरुवातीचं मोजमाप अचूक असण्याला पर्याय नाही.

वर्षातून एकदा आणि प्रत्येक मोठ्या वादळानंतर कोपरा-प्लेट, शॅकलच्या (जोडकडीच्या) पिना, केबलच्या टोकाशी गंज आणि कापड जिथे पोलादाला घासतं त्या जागा पाहाव्यात. फाटण्याची सुरुवात मोकळ्या पट्ट्यात क्वचितच होते. ती बहुधा क्लॅम्पच्या कोपऱ्याशी, बोल्टच्या भोकाशी किंवा घासलेल्या रेघेशी होते. बोटभर चीर लगेच ठिगळ लावून वेल्ड करावी. ठिगळाचे कोपरे गोल कापावेत, टोकदार कोपरा पुन्हा उचकटतो. कापलेली कड उघडी राहिली तर पाणी धाग्याधाग्याने आत शिरतं आणि लेपाखाली काळी बुरशी धरते. ती धुऊन निघत नाही, म्हणून कडा मुळातच बंद करायच्या असतात. धुण्यासाठी सौम्य साबण, कोमट पाणी आणि मऊ ब्रश पुरतो. थिनर किंवा घासणी पावडर वापरली की वरचा थर जातो, आणि तो गेला की पीव्हीसीमधला मऊपणा देणारा घटक बाहेर येऊन कापड आधी चिकट आणि मग ठिसूळ होतं.

पंधरा-वीस वर्षांनी कापड बदलायची वेळ येते तेव्हा पोलाद आणि पाया बहुधा तेच वापरता येतात. जुन्या पट्ट्यांच्या मापावरून नवं कापड बेतू नये. इतक्या वर्षांत खांब थोडे कललेले असतात, अँकर सरकलेले असतात आणि नव्या रोलची भरपाईची टक्केवारीही वेगळी असते. जुनं कापड उतरवल्यावर सगळे बिंदू पुन्हा मोजायचे, आकार पुन्हा शोधायचा आणि मगच कात्री लावायची.